प्लाझ्मा पेशींची प्रतिपिंडे आणि त्यांचे वजन : वस्तुमान वर्णपटमितीचा उपयोग

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात प्रतिपिंडाची आकृती 'वाय' अक्षरासारखी काढलेली असते व तिच्याखाली प्रतिपिंडांचे पाच वर्ग दिलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि शरीरात पाचच प्रकारची प्रतिपिंडे असतात असे समजून पुढे जातात. वस्तुतः प्रत्येक प्लाझ्मा पेशी स्वतःचे असे एकच प्रतिपिंड बनविते, आणि एका माणसाच्या रक्तात अशी निरनिराळी प्रतिपिंडे अगणित म्हणावी इतकी असतात. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगाचे निदान व उपचारानंतरची देखरेख बव्हंशी याच गोष्टीवर उभी आहे. त्यासाठी प्रतिपिंडाचे वजन करण्याची जी पद्धत अलीकडे पुढे आली आहे, तिचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

प्रतिपिंडे प्लाझ्मा पेशीत तयार होतात हे स्वीडनच्या अस्त्रिद फाग्रेउस यांनी १९४८ मध्ये दाखविले. ही पेशी बी-लसिका पेशीपासून बनते. प्रत्येक बी-पेशी जनुकांचे तुकडे आपल्या परीने जोडून प्रतिपिंडाचा आराखडा ठरविते. या शोधासाठी सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्या आराखड्यात आणखी बारीक फेरफार होतात. प्रतिपिंडात दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. हलक्या साखळीत सुमारे २१५ अमिनो आम्ले, आणि साखळीतील एका अमिनो आम्लाचे सरासरी वजन ११० डाल्टन. गुणाकार केला की २३,६५० येतात आणि प्रत्यक्ष वजनही याच्या आसपासच असते. हा हिशेब वर्गात फळ्यावर अवश्य करून घ्यावा. ग्लायसिनच्या जागी ॲलनिन आले तर साखळी १४ डाल्टनने जड होते. म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम बदलला की बहुधा वजनही बदलते. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की ल्युसिन व आयसोल्युसिन यांचे वजन सारखेच असते. तेथे तराजू हतबल आहे.

आता रोगाकडे वळू. मायलोमात एकाच प्लाझ्मा पेशीची प्रजा अस्थिमज्जेत बेसुमार वाढते व सगळ्या पेशी तंतोतंत एकच प्रतिपिंड, कधी केवळ त्याची हलकी साखळी, रक्तात ओततात. यालाच एम-प्रथिन म्हणतात. संत्र्याच्या हंगामात शंभर बागांचा माल एका ढिगात पडला आणि त्यात निम्मा माल एकाच बागेचा असला, तर पांढुर्ण्याचा जाणता व्यापारी ते नजरेने ओळखील. परंतु त्या बागेच्या दोनच टोपल्या मिसळल्या असतील तर नजर काय करणार? रुग्णालयात चालणारी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी ही अशीच नजर आहे. विद्युतक्षेत्रात रक्तरसातील प्रथिने सरकतात, गॅमा भागात एरवी पसरट टेकाड दिसते व एम-प्रथिन भरपूर असेल तर तेथे सुळका उभा राहतो. थोडे असेल तर ते त्या टेकाडात बुडून जाते.

वजनाने ओळख पटविण्याची कल्पना मात्र जुनीच आहे. बाराव्या शतकात मर्व येथील अल्-खाझिनी यांनी 'मीझान अल्-हिकमा' या ग्रंथात अशा तराजूचे वर्णन केले, की ज्याने पाण्यात व हवेत वजन करून शुद्ध सोने व भेसळीचे सोने वेगळे ओळखता येई. प्रथिनांच्या बाबतीत अडचण निराळी होती. त्यांचे रेणू मोठे व नाजूक असल्याने ते न मोडता विद्युतभारित अवस्थेत हवेत न्यायचे कसे? यावरचे दोन उपाय शोधल्याबद्दल जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

प्रत्यक्ष कृती अशी. रुग्णाच्या रक्तरसातून प्रतिपिंडे वेचून घेतात. जड व हलक्या साखळ्यांना बांधणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडतात. नमुना एका स्फटिकी पदार्थात मिसळून धातूच्या पट्टीवर वाळवितात व त्यावर लेसरचा झोत सोडतात. उडालेले भारित रेणू निर्वात नळीतून धावतात. भार समान असता हलका आधी पोचतो, जड मागून. त्या वेळेवरून वजन काढतात. निरोगी माणसात कॅपा व लॅम्डा या हलक्या साखळ्यांची दोन गोल टेकाडे येतात. रोग असेल तर त्यांतून एक टोकदार शिखर वर येते, आणि त्या शिखराचे वजन ही त्या रुग्णाच्या रोगाची खूणगाठ ठरते. उपचारानंतर सहा महिन्यांनी त्याच वजनावर पुन्हा शिखर दिसले तर जुना रोग शिल्लक आहे किंवा परतला आहे असा संशय घेता येतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये ही पद्धत नित्याच्या तपासणीत आणली आणि २०२१ मध्ये मायलोमाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या समितीने इम्युनोफिक्सेशनच्या जागी ती चालू शकते असे मत दिले. माझ्या मते तिचा सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. डॅराट्युमुमॅब हे मायलोमावरील औषध स्वतःच एक प्रतिपिंड आहे. जुन्या तपासणीत ते औषधच रोगाचे प्रथिन समजले जाण्याचा धोका असतो, व बरा होत असलेला रुग्ण बरा नाही असे ठरते. औषधाचे वजन आधीच ठाऊक असल्याने नव्या पद्धतीत हा घोटाळा बव्हंशी टळतो. दोन्ही वजने अगदी जवळ आली तर अधिक सूक्ष्म यंत्र लागते. हलक्या साखळीला शर्करा चिकटलेली असेल तर शिखर नेहमीपेक्षा जड बाजूस सरकते. अशा रुग्णांत ॲमिलॉइडोसिसचा धोका अधिक असल्याचे आढळले आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही थोड्या रुग्णांच्या पेशी प्रतिपिंड बाहेर सोडतच नाहीत. तेथे ही तपासणी निरुपयोगी. तसेच आयजीजी वर्गाच्या प्रतिपिंडाचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे असल्याने पेशी मेल्यावरही शिखर काही काळ टिकते. म्हणून अस्थिमज्जेची तपासणी अद्याप सुटलेली नाही.

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तरी मोठ्या आजारासाठी इकडचा माणूस नागपूरचीच वाट धरतो. मायलोमाची सुरुवात पाठदुखी, थकवा, रक्तक्षय, मूत्रपिंडाची तक्रार अशी होते. शेतात राबणाऱ्या साठीच्या माणसाची पाठ दुखते यात कोणाला काही विशेष वाटत नाही, आणि मणक्याचे हाड खचले तर आधी क्षयाची शंका येते. तेव्हा येथे पहिली गरज महागड्या यंत्राची नाही. साध्या इलेक्ट्रोफोरेसिसचा विचार वेळेवर कोणाच्या तरी मनात यावा, ही आहे. मायलोमाच्या रुग्णांचा रक्तरस व अस्थिमज्जेतील द्रव यांवर वस्तुमान वर्णपटमितीने संशोधन पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये झालेले आहे. यंत्र दूर असले तरी नमुना प्रवास करू शकतो. कम्युनिटी कॉलेजात प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्यांनी रक्तरस वेळेत वेगळा करणे, तो थंड ठेवून पाठविणे, चोवीस तासांचे मूत्र नीट गोळा करणे आणि रुग्णाला कोणते औषध चालू आहे हे चिठ्ठीवर लिहिणे, या गोष्टी प्रात्यक्षिकात करून घ्याव्यात. मूत्राची ही तपासणी तर हेन्री बेन्स जोन्स यांच्या काळापासूनची. मूत्र तापविले की साका धरणारे व उकळले की पुन्हा विरघळणारे प्रथिन त्यांनी १८४५ मध्ये तपासले होते. ते म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी, हे एडेलमन व गॅली यांनी १९६२ मध्ये दाखविले. आज लेसरखाली मोजतात ती हीच साखळी.