इंजिनाच्या पोटात – लेखांक ९ : जाम बसलेला पंप

मागच्या आठवड्यात आपण थर्मोस्टॅटपाशी थांबलो होतो. तिथून पुढे पाणी फिरवतो तो वॉटर पंप. त्याचं काम कसं चालतं हे दोन ओळींत सांगता येतं. पट्ट्यावर पुली फिरते, पुलीबरोबर शाफ्ट फिरतो, शाफ्टच्या टोकाला असलेली पाती पाण्याला ब्लॉकमध्ये रेटतात. हा पंप काढायचा कसा, हे मात्र दोन ओळींत मावत नाही. पुस्तकात ‘बोल्ट काढून पंप उतरवावा’ एवढंच लिहिलेलं असतं. तो उतरला नाही तर काय, यावर पुस्तक गप्प.

माझी ॲम्बेसेडर जुनी आहे, १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. या इंजिनात रेडिएटरचा पंखा पंपाच्याच पुलीवर बसतो, त्यामुळे बेरिंग गेलं की पंखाच चुगली करतो. इंजिन बंद आणि थंड असताना पात्याला धरून मागेपुढे हलवून बघायचं. माझा चांगलाच लचकत होता आणि चालू केल्यावर कण्हतही होता. आणखी एक खूण असते. सील आणि बेरिंग यांच्यामध्ये पंपाच्या घराला खालून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी बेरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर ठिबकावं, म्हणून. मी आरशाचा तुकडा धरून पाहिलं तर भोक दिसेचना. काजळीखाली बुजलं असेल असं म्हणून मी पुढे गेलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री रविवारी घरी आले. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा नळ उघडून पाणी काढलं. कूलंट असतं तर घमेल्यात धरून झाकून ठेवलं असतं, कारण ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. माझ्या गाडीत मात्र वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. होज पाइप, रेडिएटर, पट्टा, पंखा अशी उतरंड उतरवली. मग पंपाचे चार बोल्ट. त्यातला एक डायनॅमोही धरून ठेवतो. चौघांची लांबी सारखी नसते, म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याला चार भोकं पाडून ज्याचा तो बोल्ट आपल्या जागी खोचायचा. ही गाडी इंची पान्यांची. बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसतो, पण ०.३ मिलिमीटर मोकळा. साधा बोल्ट त्यानेही सुटतो. जाम बोल्टच्या डोक्याचे कोपरे मात्र तो गोल करून टाकतो.

तीन बोल्ट सुटले. चौथा फिरल्यासारखा वाटला आणि पाना सोडताच मागे आला. मी आणखी जोर लावणार तोच मिस्त्री म्हणाले, “थांबा सर, पिळ खातोय त्यो. आता लावलासा जोर की मान मोडली.”

हे हाताला कळावं लागतं. सुटणारा बोल्ट कट् करून तुटक हलतो. तुटणारा बोल्ट रबरासारखा लवतो. या बोल्टला आट्यांनी धरलं नव्हतं, पंपाच्या कानाने धरलं होतं. माझ्या गाडीवरच्या पंपाचं घर ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी म्हटलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी भुकटी होते, तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, आणि ती बोल्टभोवती सिमेंटसारखी ठासून बसते.

स्वयंपाकघरात पेल्यात पेला अडकला की आई काय करायची? आतल्या पेल्यात गार पाणी ओतून बाहेरचा गरम पाण्यात धरायची. इथेही तेच. कान तापवला तर त्यातलं भोक आवळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आवळत नाही, मोठं होतं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी शेणींच्या जाळात लाल का करायचा, हे आठवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आठ मिलिमीटरच्या भोकाचा हिशेब केला, तर दोघंही दीडशे अंशांनी तापवल्यावर फरक पडतो जेमतेम ०.०१३ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतका. पण कडक कवच तडकायला तेवढा पुरतो.

मिस्त्रींनी पेट्रोलची नळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि हीट गन कानावर धरली. गार झाल्यावर तेल सोडलं, म्हणजे तडकलेल्या फटीतून ते आत ओढलं जातं. माझ्या हातात डब्ल्यूडी-फोर्टीचा डबा होता. तो मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ साली केलेला, डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’. गंजात मुरायला त्याहून चांगली तेलं मिळतात, पण घरात होता तो वापरला. चहा झाला. मग पाना उलटा, आधी आवळायच्या दिशेने, केसभर. मग सोडायच्या. पुन्हा आवळायच्या. पाचव्या-सहाव्या खेपेला कट् असा आवाज आला. बोल्ट अख्खा निघाला, दांड्यावर खडूसारखा थर घेऊन.

आणि तरीही पंप जागचा हलला नाही. अशा वेळी एखादा बोल्ट नजरेआड राहिलाय का, हे बोटांनी चाचपून घ्यायचं आणि मगच हातोडा. आमचे चार पुठ्ठ्यावर होते, म्हणजे धरून ठेवलं होतं ते जुन्या पॅकिंगने आणि त्यावर फासलेल्या शेलॅकने. फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह इथे होतो. घातलात तर बिडाच्या सपाट तोंडावर चर पडतो आणि नवा पंपही तिथून कायम गळतो. मिस्त्रींनी बाभळीचा ठोकळा पंपाच्या कुशीला लावला आणि डावीकडून दोन, उजवीकडून दोन अशा आडव्या टपल्या दिल्या. चिकटलेला कागद ओढून फाटत नाही, सरकवला की सुटतो. तिसऱ्या फेरीत पंप तसूभर सरकला आणि तांबडा गाळ भळकन बाहेर आला.

पाती कडेने खाऊन बोथट झाली होती. मी ब्लॉकच्या भोकात फडकं कोंबून ब्लेडने पॅकिंग खरवडायला बसलो. मिस्त्री पंप उलटा करून, डिझेलने धूत, सेफ्टी पिनने खालची बाजू टोकरत होते. काजळी निघाली, तरी भोक उघडेना. पिन कशाला तरी अडत होती. राखाडी, कडक गोळी बाहेर पडली ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. एम-सील.

“पाणी ठिबकत हुतं, म्हणून कुणीतरी बूच मारलंय,” ते म्हणाले आणि बेरिंग फिरवून दाखवलं. आत ग्रीसचा थेंब नव्हता, नुसतं तांबडं पाणी.

(पुढील आठवड्यात : पॅकिंग घरी कापताना)