कोकणकड्यावर थोडे थांबा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, सुमारे १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर पोहोचताच मोबाईल काढून छायाचित्र टिपावे, ते लोकांच्या पसंतीसाठी धाडावे आणि आल्या पावली परतावे, असा जो प्रघात अलीकडे पडला आहे, त्याने गडावर गेल्याची नोंद होते. परंतु गड पाहणे राहूनच जाते.

गडाच्या ज्या कोकणकड्यावरून ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात इंद्रवज्र पाहिले, तेथे ते आजही दिसते. मात्र सकाळचा सूर्य पाठीशी, समोरच्या दरीत दाटलेले धुके आणि पाहणाऱ्यापाशी फुरसत, असा त्रिवेणी योग जुळला, तरच त्या धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटते. केदारेश्वराच्या लेण्यात, गार पाण्याने वेढलेल्या शिवलिंगाभोवतीच्या चार स्तंभांपैकी एकच आज अभंग उभा आहे, हेही संथ दृष्टीलाच जाणवते.

म्हणून सर्व दुर्गप्रेमींना माझी कळकळीची विनंती आहे, की पुढच्या खेपेस पायथ्याच्या पाचनईहून चढताना मोबाईल पिशवीच्या तळाशी ठेवावा, कड्याच्या काठापासून सुरक्षित अंतरावर अर्धा तास निःशब्द बसावे आणि छायाचित्राचा विचार त्यानंतरच करावा.