ओएनडीसी: बचत गटाचा माल ऑनलाइन कसा विकाल?

तिरुवैयारुत तुमचा बचत गट मूगडाळीचा अशोका हलवा करतो किंवा तंजावरच्या बाहुल्या रंगवतो, असे समजा. गिऱ्हाईक चेन्नईत आहे. स्वतःची वेबसाइट परवडत नाही आणि प्रत्येक ॲपवर वेगळे दुकान मांडायला वेळ नाही. अशा विक्रेत्यांसाठी ‘ओएनडीसी’ ही व्यवस्था आहे.

ओएनडीसी म्हणजे काय?
हे दुकान नाही आणि ॲपही नाही. वेगवेगळ्या ॲपना एकमेकांशी जोडणारे हे खुले जाळे आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या (डीपीआयआयटी) पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ना-नफा कंपनी स्थापन झाली. यूपीआयमध्ये एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर पैसे जातात, तशीच येथे ऑर्डर जाते.

काम कसे चालते?
१. तुम्ही एका विक्रेता-ॲपवर मालाचा फोटो, दर आणि शिल्लक साठा भरता.
२. गिऱ्हाईक आपल्या खरेदी-ॲपवर शोध घेते, तेव्हा तुमचा माल तेथे दिसू शकतो.
३. पोहोचवण्याचे काम तिसरी संस्था करू शकते.

एका विक्रेता-ॲपची सेवा पटली नाही तर दुसरे निवडता येते.

भाषेची अडचण येईल का?
ओएनडीसी आणि ‘भाषिणी’ यांनी २०२४ मध्ये ‘सारथी’ हे नमुना ॲप आणले. कंपन्यांना त्यावरून स्वतःचे बहुभाषिक खरेदी-ॲप बनवता येते. सुरुवातीच्या भाषांत मराठी आणि तमिळ दोन्ही आहेत.

काय लागेल?
• पॅन आणि बँक खाते.
• उद्यम नोंदणी. ती विनामूल्य आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.
• खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय नोंदणी.
• उलाढाल जीएसटी मर्यादेखाली असल्यास जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक. ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. म्हणजे हलवा चेन्नईला पाठवता येईल; पुण्याच्या नातेवाइकांची ऑर्डर घ्यायची तर जीएसटी नोंदणी लागेल.

दर ठरवण्यापूर्वी हिशेब करा
उदाहरणार्थ, डबा २०० रुपयांना विकला. साहित्य, मजुरी आणि पॅकिंग १५० रुपये, ॲपचे कमिशन २० रुपये. हाती ३० रुपये उरले. पोहोचवण्याचे ४० रुपयेही तुमच्याकडून कापले गेले, तर प्रत्येक डब्यामागे १० रुपये तोटा होईल. म्हणून कमिशन किती, डिलिव्हरीचा खर्च कोणाकडे, परत आलेल्या मालाचे काय आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे चार प्रश्न आधी विचारा. उत्तरे लेखी घ्या.

सरकारी मदत आहे का?
सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ‘टीम’ उपक्रम जून २०२४ मध्ये सुरू झाला. ५ लाख उद्योगांना ओएनडीसीवर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यांतील निम्मे महिलांच्या मालकीचे असावेत, असे ठरले आहे. मालाची यादी, पॅकिंग आणि वाहतूक यांसाठी त्यात साहाय्याची तरतूद आहे. अंमलबजावणी राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळाकडे आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याच्या अटी तपासा.

लक्षात ठेवा
पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. ‘ऑर्डर आली आहे, पिन टाका’ असा फोन आला तर तो बंद करा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा. गटाच्या खात्याचा पासवर्ड एकीच्याच मोबाइलमध्ये ठेवू नका. दोघींना तो माहीत असावा आणि महिन्याचा हिशेब गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.