सत्तर किलोमीटर आणि साडेचारशे मीटर

अमरावतीनजीकचे बेलोरा आणि अकोल्यानजीकचे शिवणी या वऱ्हाडातील दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. लहान प्रवासी विमानास ते कापावयास पंधरा-वीस मिनिटे पुरतील. तथापि या दोहोंमध्ये विमानसेवा नाही आणि तिची गरजही नाही. अकोला व बडनेरा ही स्थानके एकोणिसाव्या शतकातच मुंबई-नागपूर लोहमार्गाने जोडली गेली. जून २०२२ मध्ये तर अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे करून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. शेजारच्या गावी जाण्याची अडचण वऱ्हाडाला नाही. अडचण आहे ती दूरच्या प्रवासाची.

शिवणीची धावपट्टी १९४३ ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. बेलोऱ्याची त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली. दोन्ही धावपट्ट्या मूळच्या सुमारे १४०० मीटरच्या. सत्तर-बहात्तर आसनांच्या विमानांच्या नियमित वाहतुकीस ही लांबी अपुरी पडते. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर करण्यात आली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेखाली तेथून मुंबईची सेवा सुरू झाली. शिवणीचा विस्तार मात्र जमिनीच्या प्रश्नापाशी वर्षानुवर्षे अडला. लागणाऱ्या जमिनीचा मोठा भाग डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा. संशोधनाची जमीन म्हणजे पडीक माळ नव्हे. तेव्हा विद्यापीठाचा संकोच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु निर्णय होकारार्थी असो वा नकारार्थी, तो वेळेवर न होणे हा निव्वळ प्रशासनाचा दोष होय. दोन शहरांमधील खरे अंतर आज या साडेचारशे मीटरचे आहे.

बेलोऱ्याहून मुंबई सुमारे पावणेदोन तासांवर आली. रेल्वेने हाच प्रवास रात्रभराचा आहे. अकोल्याच्या प्रवाशाचा हिशेब मात्र वेगळा. त्याला प्रथम नव्वद-शंभर किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो आणि विमान सुटण्यापूर्वी तासभर आधी पोहोचावे लागते. मुंबईस उपचारासाठी निघालेल्या रुग्णाला विमान किती वेळ आकाशात होते याच्याशी कर्तव्य नसते. घरून निघाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ त्याला मोजावा लागतो.

म्हणून शिवणीचा विस्तार होईपर्यंत बेलोरा हा एकट्या अमरावतीचा नव्हे, तर साऱ्या वऱ्हाडाचा विमानतळ मानला पाहिजे. विमानाच्या वेळांशी मेळ घालणाऱ्या एस.टी. गाड्या अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा स्थानकावरून सुटाव्यात. याला ना भूसंपादन लागते, ना नवी धावपट्टी. अमरावती विरुद्ध अकोला हा वाद सभेत टाळ्या मिळवून देईल, प्रवाशाचा एक तासही वाचविणार नाही. शिवाय अर्ध्या रिकाम्या विमानांची सेवा फार काळ टिकत नाही, हे दोन्ही शहरांनी ध्यानी घ्यावे.