वर्गणी भरलेली, तरी दार बंद

वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. समजा, तिथे मध्यरात्री स्क्रब टायफसचा गुंतागुंतीचा रुग्ण आला. ड्युटीवरची निवासी डॉक्टर मोबाइलवर ताजा शोधनिबंध शोधते, तर समोर पैसे मागणारं पान! त्या नियतकालिकाची वर्गणी तिच्या महाविद्यालयाने भरलेली असते. ती आवारात नाही, एवढाच तिचा दोष.

जुन्या पद्धतीत प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला ओळखतच नाही. तो ओळखतो आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक. क्रमांक यादीत असला की दार उघडतं, मग संगणकासमोर कुणीही बसलेलं असो. २०२०च्या टाळेबंदीत आवारंच बंद झाली, तेव्हा या पद्धतीची मर्यादा ठळकपणे दिसली. त्यावर व्हीपीएनचा उतारा आहे, पण तो प्रत्येकाच्या फोनवर बसवणं आणि चालू ठेवणं कटकटीचं. मग मित्राचा पासवर्ड उसना घेण्याचा मोह होतो.

फेडरेटेड लॉगिनमध्ये इमारतीऐवजी माणूस ओळखला जातो. प्रकाशकाच्या पानावर आपली संस्था निवडायची. पान संस्थेच्या लॉगिनकडे नेतं. पासवर्ड तिथेच टाकायचा. तो तपासून संस्था प्रकाशकाला डिजिटल सहीनिशी कळवते, ‘ही आमची विद्यार्थिनी आहे.’ पासवर्ड प्रकाशकापर्यंत पोहोचत नाही. नाव आणि ईमेलही दिलंच पाहिजे असं नाही. एक सांकेतिक खूण पुरते. कोणता डॉक्टर कोणत्या आजाराबद्दल वाचतो, हे गुप्त राहण्यासाठी ही सोय मोलाची. यासाठीच्या एका प्रसिद्ध प्रणालीचं नाव आहे ‘शिबोलेथ’. बायबलमधल्या कथेत नदीच्या उतारावर हा शब्द उच्चारायला लावून शत्रू ओळखत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘इन्फेड’ महासंघ हीच प्रणाली वापरतो.

१ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं असा तिचा आवाका आहे. एवढं करूनही गाडी अडू शकते ती ग्रंथालयाच्या टेबलावर. नव्या निवासी डॉक्टरचं खातं उघडलेलंच नसेल, तर प्रणाली कितीही आधुनिक असली तरी निरुपयोगी. आणि शिकून बाहेर पडलेल्यांची खाती वेळेवर बंद झाली नाहीत, तर वर्गणीच्या कराराचा भंग.

म्हणून जिल्हा रुग्णालयात रुजू होण्याआधीच खातं सुरू करून घ्यावं आणि महाविद्यालयाचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर एक निबंध उघडून पाहावा.