छिन्नीच्या जोडीला अतिनील प्रकाश

डहाणू तालुक्यातील वाढवण, वरोर, चिंचणी हा पट्टा मासेमारीइतकाच डायमेकिंगसाठी ओळखला जातो. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरायची, तिच्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबायचा, की दागिन्याचा घाट उठतो. दागिन्यांच्या व्यवसायात आता याच्या जोडीला थ्रीडी प्रिंटिंग आले आहे. त्यात नक्षी घडवतो तो अतिनील एलईडीचा प्रकाश.

या यंत्रातील द्रव रेझिनवर साधारण ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील आणि जांभळ्या रंगाच्या सीमेवरचा प्रकाश पडतो. त्याने रेझिनमधील एक रसायन फुटते, सुटे रेणू साखळीत जोडले जातात आणि काही सेकंदांत थर घट्ट होतो. असे सुमारे ०.०५ मिलिमीटरचे शेकडो थर चढले, की नमुना तयार. पुढे तो साच्यात जाळून त्या पोकळीत सोने ओततात. जपानच्या हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये ही दिशा दाखवली. अमेरिकेच्या चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये पेटंट मिळाले.

खरी काळजी घ्यायची ती ओल्या रेझिनची. त्यातील अ‍ॅक्रिलेट वारंवार त्वचेला लागले, तर खाज, पुरळ, भेगा येतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली, की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा वापरावा, खोली हवेशीर ठेवावी. रेझिन हाताला लागलेच, तर स्पिरिटने न पुसता लगेच साबण-पाण्याने धुवावे. धुण्याआधी उन्हात जाऊ नये; तेथेही ते त्वचेवरच घट्ट होते. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याची बोटे. यंत्र नवे आले तरी ते बदलत नाही.