पन्नाशीची घाई

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची प्रश्नावली घेऊन एखादी मुलाखतकार वरूड तालुक्यातील गावात शिरते, तेव्हा निवडलेल्या घरांतील १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र व प्रदीर्घ मुलाखत घेणे तिला प्राप्त असते. आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असून काही दारांना कुलपे व काही घरांतील बाया वावरात निघण्याच्या गडबडीत असल्या, म्हणजे अठ्ठेचाळिशीच्या बाईंचे वय हलकेच ५० लिहून टाकण्याचा मोह पडतो, कारण तेवढ्या एका आकड्यासरशी ती सबंध मुलाखत टळते.

ही लबाडी एकेका घरी सापडत नाही. पन्नाशी गाठणे हा काही गुन्हा नव्हे! परंतु शेकडो नोंदी एकत्र मांडल्या, की ४५–४९ चा गट रोडावलेला आणि ५०–५४ चा फुगलेला दिसू लागतो, व या पाहणीची सूत्रे सांभाळणारी देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था क्षेत्रकाम चालू असतानाच पथकवार तक्ते काढून नेमकी अशीच खूण शोधते.

या तपासणीमागील तत्त्व वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली अमेरिकेतील टेलिफोनच्या कारखान्यासाठी नियंत्रण आलेखाच्या रूपाने मांडले. समजा, सर्व पथकांत मिळून शेकडा १० मुलाखती अपुऱ्या राहतात. तर शंभर घरे फिरणाऱ्या एका मुलाखतकाराचा आकडा निव्वळ योगायोगानेही १ ते १९ या मर्यादांच्या दरम्यान हेलकावे खाऊ शकतो, आणि म्हणून १५ आले म्हणून कान उपटणारा व ६ आले म्हणून शाबासकी देणारा पर्यवेक्षक दोन्ही वेळा केवळ दैवाचाच न्यायनिवाडा करीत असतो. कैफियत मागावी ती २५ आले तर. आणि शून्य आले तर, माझ्या मते, अधिकच कसोशीने.

तथापि मर्यादेबाहेरचा आकडा माणसाचा दोष दाखवितो की गावाचा, हे आलेख सांगत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या तागाच्या पाहणीत यावर तोड काढली, ती अशी, की एकाच मुलखात दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत आणि दोन निरनिराळ्या पथकांनी एकमेकांस न विचारता ते पुरे करावेत; दोघांनाही कुलपेच भेटली तर गाव खरोखरच बाहेर गेलेले, आणि एकालाच भेटली तर त्याची रुजवात घ्यावयाची. त्यांच्याच निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये हिंदुस्थानात आले होते, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दुहेरी पथकांचा खर्च जेथे झेपत नाही, तेथे पर्यवेक्षक निवडक घरी पुन्हा जाऊन माणसे किती, धाकटे लेकरू केवढे, एवढेच विचारून तफावत पाहतो.

एक फट मात्र उरते. मर्यादा आखल्या जातात त्या पथकांच्याच सरासरीवरून. तेव्हा साऱ्याच मुलाखतकार थोडथोड्या बायांना पन्नाशीपार ढकलू लागल्या, तर मध्यरेषाच सरकते आणि आलेख बिनतक्रार दिसतो. अशा वेळी तुलना जनगणनेच्या वयोगटांशीच करावी लागते, आणि तेथेही तफावत आढळली तर चौकशी मुलाखतकारांची नव्हे, प्रश्नावलीच्या लांबीची करणे इष्ट.